प्रौढ वयात वकिलीचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या धानोरा तालुक्यातील नागरिकांचे निवेदन

धानोरा, जानेवारी २०२६

प्रति,
मा. कुलगुरू,
गोंडवाना विद्यापीठ, गडचिरोली.

मार्फत : मा. तहसीलदार, धानोरा, जि. गडचिरोली.

विषय : वयाने मोठ्या, संसारी व कामकरी उमेदवारांना तीन वर्षांच्या एलएल.बी.ला प्रवेश घेता यावा आणि ती पुरी करता यावी, यासाठी वर्गांची वेळ, ठिकाण व कागदपत्रांची पद्धत यांत बदल करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे धानोरा तालुक्याचे रहिवासी आहोत. आमच्यात ग्रामसभांच्या वनहक्क समित्यांचे सदस्य आहेत, आशा आहेत, बचत गट चालवणाऱ्या बाया आहेत, माजी सरपंच, सेवानिवृत्त शिक्षक आणि विधी सेवा प्राधिकरणाचे स्वयंसेवक म्हणून काम केलेले लोक आहेत. पदवी बहुतेकांची झालेली आहे, काहींची होत आली आहे. तिशीच्या आतला आमच्यात कोणी नाही, आणि काहींना नातवंडे आहेत. आम्हाला वकील व्हायचे आहे.

‘या वयात कशाला?’ हा प्रश्न गावात आणि घरात विचारून झाला आहे. आपणही तो विचाराल, म्हणून आधीच उत्तर देतो. आमच्याच तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांना हक्क मिळाले. हक्काचा कागद हाती आला की काम संपेल असे आम्हाला वाटले होते; खरे काम तिथून सुरू झाले. तेंदू आणि बांबूचे करारनामे आले. ठेकेदाराने पैसे थकवले तर कोणत्या कलमाखाली कुठे जायचे, कराची नोटीस आली तर उत्तर काय द्यायचे, ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध साठ दिवसांत उपविभागीय समितीकडे अर्ज गेला तर बाजू कशी मांडायची, हे सारे अंगावर आले. ही कामे आज आम्हीच करतो, अर्धवट समजुतीने आणि दुसऱ्याला विचारून. वकील लावायचा तर गडचिरोली गाठावी लागते. तेथे पक्षकाराचे म्हणणे गोंडीतून मराठीत आणि मराठीतून कायद्याच्या भाषेत जाईपर्यंत त्यातले अर्धे गळते.

भामरागडचे लालसू नोगोटी माडिया समाजातून वकील झाले आणि २०१७ साली जिल्हा परिषदेवर निवडून गेले. त्यांच्यासारखी तरुण मुले पुढे यावीत, ही आमचीही इच्छा आहे. पण ती शिकून परत येईपर्यंत करारनामे थांबत नाहीत. शिवाय ज्यांनी वीस वर्षे ग्रामसभेचे ठराव लिहिले, त्यांच्याकडे असा अनुभव आहे जो कोणत्याही सत्रात शिकवता येत नाही.

आता वयाच्या अटीविषयी. पंचेचाळीस वर्षांवरील माणसाला वकिलीची सनद नाकारणारा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच रद्द केला. पुढे बार कौन्सिलने २००८ च्या विधी शिक्षण नियमांत प्रवेशासाठीच वयोमर्यादा घातली. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला खुल्या गटासाठी तीस आणि मागासवर्गीयांसाठी पस्तीस अशी ती होती. ती मागे घेतली गेली, २०१६ मध्ये पुन्हा आणली गेली आणि मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. राज्याच्या सीईटी कक्षाकडूनही वयाची कमाल अट नाही. म्हणजे कागदावर आमची वाट मोकळी आहे. न्यायालयाने काढलेली अट वेळापत्रकाने परत लावली आहे, एवढेच.

कसे ते पाहा. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे विधी महाविद्यालयाचे वर्ग सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच घेता येतात, आठवड्याला किमान ३० तास भरावे लागतात आणि हजेरी ७० टक्के लागते. पूर्वीसारखे रात्रीचे वर्ग घेऊन नोकरदाराने वकील होण्याची सोय त्यामुळे राहिलेली नाही. दूरस्थ पद्धतीने एलएल.बी. करता येत नाही. ती करता यावी, असे आमचे म्हणणेही नाही. समोर बसून शिकल्याशिवाय वकिली येत नाही हे आम्हाला मान्य आहे. पण धानोऱ्याहून चंद्रपूरच्या शांताराम पोटदुखे विधी महाविद्यालयापर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरहून अधिक आहे. मुरूमगावच्या पलीकडच्या गावांचे तर बोलायलाच नको. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की गडचिरोलीसुद्धा दूर होते. अठरा वर्षांचा मुलगा चंद्रपूरला खोली करून राहील. धानाची रोवणी, म्हातारी सासू आणि शाळेत जाणारी मुले सोडून एखाद्या आशाताईने तिथे तीन वर्षे कसे राहावे?

हजेरी ७० टक्क्यांखाली आणा, गुण वाढवून द्या, परीक्षा सोपी करा, असे आम्ही मागत नाही. आमची मुख्य मागणी नियमांच्या चौकटीत बसणारी आहे. त्या ३० तासांपैकी प्रत्यक्ष व्याख्यानांचे किमान २४ तास असावेत आणि बाकीचे तास शिकवणी, परिसंवाद व अभिरूप न्यायालयाचे असू शकतात, असे नियमच सांगतो. सोमवार ते गुरुवार रोज सहा तास, सकाळी ८ पासून, गडचिरोलीत व्याख्याने घ्यावीत. उरलेले सहा तास शनिवारी धानोऱ्यात घ्यावेत. चार दिवस राहण्यासाठी गडचिरोलीत वसतिगृहाच्या काही खोल्या वयाने मोठ्या विद्यार्थ्यांसाठी, विशेषतः लहान मूल सोबत असलेल्या बायांसाठी राखून ठेवाव्यात. सत्राचे वेळापत्रक रोवणी आणि तेंदूचा हंगाम पाहून आखावे. आपल्या विद्यापीठाने ‘विद्यापीठ आपल्या गावात’ हा उपक्रम राबवून, शिक्षण सुटलेल्या गावकऱ्यांसाठी पदवीचे वर्ग गावातच नेले. शनिवारच्या तासांसाठी तोच मार्ग पुढे वाढवावा, इतकेच म्हणणे आहे.

अशा तुकडीला परवानगी कशी मिळणार, ही शंका रास्त आहे. बार कौन्सिलने ऑगस्ट २०२५ पासून तीन वर्षे नव्या विधी महाविद्यालयांवर आणि पूर्वपरवानगीशिवाय नव्या तुकड्यांवर बंदी घातली आहे. मात्र त्याच निर्णयात दुर्गम, आदिवासी आणि आकांक्षित जिल्ह्यांतील प्रस्तावांसाठी अपवाद ठेवला आहे. गडचिरोली हा महाराष्ट्रातील चार आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. ‘आकांक्षित’ या शिक्क्याचा आम्हाला आजवर काय उपयोग झाला हा वेगळा विषय. निदान इथे तो वापरावा. विद्यापीठाने या अपवादाखाली प्रस्ताव तयार करून राज्य शासनामार्फत बार कौन्सिलकडे पाठवावा.

दुसरी मागणी मुक्त विद्यापीठातून शिकलेल्यांची आहे आणि ती आम्हाला तितकीच महत्त्वाची वाटते. आमच्यापैकी अनेकांची शाळा दहावी-बारावीत सुटली. पुढे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा देऊन त्यांनी बी.ए. केले. पण बारावीची पायरी न चढता मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेला उमेदवार विधी अभ्यासक्रमाला अपात्र, असे बार कौन्सिलच्या नियम ५ चे स्पष्टीकरण सांगते. बारावी करून मग दूरस्थ पद्धतीने पदवी घेतलेला मात्र पात्र ठरतो. हा फरक अर्ज भरताना कोणी सांगत नाही. आमच्यातील एका ताईला तो एका महाविद्यालयात शुल्क भरून झाल्यावर कळला. नियम बदलणे आपल्या हाती नाही, हे आम्ही जाणतो. तरी दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. सीईटीचा अर्ज भरण्यापूर्वीच पात्रता तपासून लेखी कळवणारा कक्ष विद्यापीठात असावा. आणि विद्वत परिषदेने ठराव करून या स्पष्टीकरणाचा फेरविचार करण्याची विनंती बार कौन्सिलला करावी. ज्याने वयाच्या चाळिसाव्या वर्षी पदवी घेतली त्याला सतराव्या वर्षीचा दाखला मागणे, हे शिक्षणाच्या दर्जाचे रक्षण आहे असे आम्हाला वाटत नाही.

कागदपत्रांचे दुखणे निराळेच. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये झाले. त्याआधीची आमची पदवी नागपूर विद्यापीठाची. त्यामुळे याच जिल्ह्यात शिकून याच जिल्ह्यात प्रवेश घेणाऱ्यालाही स्थलांतर प्रमाणपत्रासाठी नागपूरचा रस्ता धरावा लागतो. त्यात शिक्षणातल्या खंडाचे प्रतिज्ञापत्र, जात वैधता आणि लग्नानंतर बदललेल्या नावाचा पुरावा. गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, सातबाऱ्यावर तिसरेच. नागपूर विद्यापीठाशी बोलून ही प्रमाणपत्रे गडचिरोलीत मिळण्याची व्यवस्था करावी आणि प्रवेशाच्या दिवसांत धानोरा तहसील कार्यालयात एक दिवसाचे शिबिर घ्यावे. तहसीलदार साहेबांनी त्यासाठी जागा व कर्मचारी द्यावेत, ही विनंती याच पत्रातून त्यांनाही करीत आहोत.

सीईटीबाबत थोडक्यात. गेली काही वर्षे तीन वर्षांच्या एलएल.बी.ची ही परीक्षा मार्च ते मे या काळात होत आली आहे. हा मोहाचा आणि तेंदूचा हंगाम आहे. वर्षाची रोकड याच दिवसांत घरात येते. तारीख आमच्यासाठी बदलणार नाही, पण परीक्षा केंद्र गडचिरोलीतच मिळावे अशी शिफारस आपण सीईटी कक्षाकडे करावी. १२० प्रश्नांपैकी ४० इंग्रजीचे असतात आणि आमची खरी भीती तीच आहे. माऊसला हात न लावलेले लोकही आमच्यात आहेत. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात धानोऱ्यात इंग्रजीचा व संगणकावरील सरावाचा वर्ग घ्यावा. तसेच विद्यापीठाच्या विधी परीक्षांत मराठीतून उत्तरे लिहिण्याबाबतचा नियम माहितीपत्रकात ठळकपणे छापावा आणि अभ्यासक्रमातील कायद्यांच्या मराठी प्रती, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी संहितांसह, ग्रंथालयात ठेवाव्यात.

तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप असते आणि नियमांच्या यादीत स्थानिक स्वराज्य संस्थांचाही उल्लेख आहे. ग्रामसभा व तालुका विधी सेवा समितीकडील कामाला त्यासाठी मान्यता द्यावी.

सनदेच्या खर्चाची चिंता आता पूर्वीइतकी नाही. ३० जुलै २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी शुल्क ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये एवढेच घेता येईल असे ठरवले आहे. शिष्यवृत्ती व वसतिगृहाच्या योजनांत जिथे वयाची अट असेल, तिथे ती विधी शाखेपुरती शिथिल करण्याची शिफारस विद्यापीठाने आदिवासी विकास विभागाकडे करावी.

यातील पात्रता कक्ष, कागदपत्रांचे शिबिर आणि सरावाचा वर्ग यांना कोणाच्याही परवानगीची गरज नाही. ती तीन कामे येत्या प्रवेशापूर्वी सुरू करावीत. उरलेल्या मागण्यांवर चर्चेसाठी आमच्या पाच प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी आणि प्रस्ताव बार कौन्सिलकडे कोणत्या तारखेपर्यंत पाठवला जाईल हे ३० दिवसांत लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
प्रौढ विधी शिक्षणेच्छुक नागरिक, तालुका धानोरा
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, गडचिरोली
मा. आयुक्त, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, मुंबई
मा. प्रकल्प अधिकारी, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प, गडचिरोली
मा. सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, गडचिरोली