चोराचा मुलगा आणि न्यायाधीशाचा मुलगा

हिंदी सिनेमातला देखणा चोर प्रेमात पडतो, चोरी सोडतो आणि शेवटच्या रिळात टाळ्या घेतो. बीडच्या चहाच्या टपरीवर काय किंवा पुण्याच्या परिसंवादात काय, त्याच्यावर आरोप एकच: असले सिनेमे गुन्ह्याला झळाळी देतात, पोरं बिघडवतात. आरोप जुना आहे. १९४३ साली ‘किस्मत’मध्ये अशोक कुमारने तुरुंगातून सुटलेला चोर रंगवला, तेव्हा ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे संपादक बाबूराव पटेल याच कारणाने कडाडले होते. सिनेमा मात्र कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रगृहात तीन वर्षांहून अधिक काळ चालला!

चोराला नायक केले, हा मला दोष वाटत नाही. दोष आहे तो माफी कोणाला मिळते यात. ‘किस्मत’मधला चोर अखेर श्रीमंत बापाचा हरवलेला मुलगा निघतो. दंडावरचे गोंदण ओळखू येते आणि सारे पाप धुतले जाते. गोंदण नसते तर?

‘आवारा’ (१९५१) तर थेट या प्रश्नालाच हात घालतो. ख्वाजा अहमद अब्बास आणि व. प. साठे यांची कथा. चोराचा मुलगा चोरच होणार, असे न्यायाधीश रघुनाथ मानतो, आणि सिनेमा त्याला खोटे ठरवायला निघतो. पण पुरावा म्हणून उभा करतो कोणाला? न्यायाधीशाच्याच पोटच्या राजला. बाप दरोडेखोर एवढ्यावरून ज्याला गुन्हा नसताना आत टाकले, तो जग्गा खलनायक होतो आणि राजच्याच हातून मरतो. खरा फिर्यादी जग्गा होता. त्याच्या वाट्याला ना रीटासारखी प्रेयसी आली, ना वकील.

हा जग्गा कल्पनेतला नाही. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. तो देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ला, म्हणजे ‘आवारा’च्या पुढच्या वर्षी. पण मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि जुनी नजर नव्या कागदावर चढली. तुरुंगातल्या जातवार वागणुकीवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी निकाल दिला, तेव्हाही विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजू नका, हे सांगावे लागले. कायदा रद्द झाल्यावर बहात्तर वर्षांनी!

ती जुनी नजर आजही दिसते. बीड जिल्ह्यात आष्टी-पाटोद्याकडे गावाबाहेर पारध्यांची पालं आहेत. आसपास घरफोडी झाली की संशयाची पहिली गाडी वस्तीकडे वळते. ठसे नंतर, आधी माणसं. त्याच माणसाने सुधारावे म्हटले तर जातीचा दाखला हवा, त्यासाठी जुना पुरावा हवा, आणि ज्याच्या बापाला कुठल्याच गावाने राहू दिले नाही त्याने तो आणायचा कुठून?

“प्रेमाने माणूस बदलतो” म्हणणाऱ्यांना मी हसणार नाही. त्यांचे अर्धे बरोबर आहे. या सिनेमांतली नायिका चोर सुधारण्याची वाट पाहत नाही, ती आधी विश्वास टाकते. क्रम हाच खरा. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत वसली. भिंती नाहीत, बेड्या नाहीत आणि कैदी शेती करतात. त्याच प्रयोगावर गदिमांनी लिहिलेला, शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) उभा राहिला. तिथे कैद्यांना शेवटी रक्ताचे नाते सापडत नाही, जमीन सापडते.

बीडमध्येही जमिनीचा मार्ग एकाने दाखवला. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने गायरानासाठी लढा दिला, त्यात दलितांबरोबर पारधी कुटुंबेही होती. २०१५ साली आवाड गेले. कसणाऱ्याच्या नावावर सातबारा चढवण्याची अभियानाची मागणी अजून पुरती मान्य झालेली नाही. कसणारा आजही कागदावर ‘अतिक्रमणदार’ आहे. चोरी सोडून नांगर धरला, तरी गुन्हेगारच.

म्हणून सिनेमावाल्यांना सांगणे इतकेच: चोर दाखवा, खुशाल प्रेमातही पाडा, फक्त या वेळी नायक जग्गाला करा. आणि शेवटी त्याचा श्रीमंत बाप शोधून काढू नका. जिल्हा प्रशासनाने मात्र सिनेमाची वाट पाहू नये. पालावरच्या माणसाला जातीचा दाखला आणि कसलेल्या गायरानाचा सातबारा आधी द्यावा, चारित्र्याचे प्रमाणपत्र मग मागावे.