चाळिशीनंतरची दहावी

संपादक महाशय,

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मंडळ्यांतून पास झालेल्या मुलामुलींना रविवारी उपासनेनंतर पुढे बोलावतात, पाळकसाहेब प्रार्थना करतात, टाळ्या वाजतात. चांगलीच गोष्ट आहे. पण त्याच बाकांवर असेही लोक बसलेले असतात ज्यांची शाळा सातवी-आठवीतच सुटली. कुणाचे वडील गेले, कुणाचं लग्न लवकर झालं, कुणाला दुकानात कामाला लावलं. यांतल्या कुणी म्हटलं की मला दहावीला बसायचंय, तर आपण काय म्हणतो? "आता या वयात शिकून काय कलेक्टर होणार?" माझ्या मते कित्येकांची शाळा या एका वाक्याने दुसऱ्यांदा सुटते.

मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी तर हे वाक्य शोभतच नाही. लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत गेल्या नाहीत. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, आणि 'स्मृतिचित्रे' 1934 पासून छापून येऊ लागली तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. टिळकांनी अर्धवट ठेवलेलं 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच पुरं केलं. पंडिता रमाबाई 1883 साली लहानग्या मनोरमेला घेऊन शिकायला इंग्लंडला गेल्या. पुढे पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी विधवांच्या हाती नुसतं पुस्तक दिलं नाही, छापखान्याचं कामही शिकवलं. ही आपल्या घरचीच माणसं आहेत.

आज वाट त्यांच्याइतकी खडतर नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एन.आय.ओ.एस., यांच्या दहावीला किमान वय 14 आहे, कमाल वयाची अटच नाही. पाच विषय घ्यायचे. परीक्षा वर्षातून दोनदा होते, एकदा नाव नोंदवलं की पाच वर्षांत नऊ वेळा बसता येतं, आणि सुटलेला विषय सुटलेलाच राहतो. दहावीला मराठी माध्यमही मिळतं. तेलंगणाची वेगळी ओपन स्कूल सोसायटी आहे. आणि देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ तर 1982 साली आपल्याच हैदराबादेत सुरू झालं, तेच आजचं डॉ. बी. आर. आंबेडकर मुक्त विद्यापीठ. नोकरी-संसार सांभाळून पदवी घेता यावी म्हणूनच ते काढलं.

फायदा काय, असं लोक विचारतात. नोकरीत दहावीच्या अटीपायी अडलेली बढती हा एक झाला. पण उस्मानिया दवाखान्यात रांगेत उभं राहून पाहा. औषधाची चिठ्ठी, तपासणीचा कागद, कसला ना कसला फॉर्म, काही तेलुगूत, काही इंग्रजीत. मराठी घरातली चाळिशीची बाई ते दुसऱ्याकडून वाचून घेते आणि सांगितलं तिथे अंगठा किंवा सही करते. बँकेत तेच, घरभाड्याच्या करारावर तेच. स्वतः वाचता आलं की माणूस फसत नाही, निदान सहज फसत नाही. शिवाय आई रात्री पुस्तक उघडून बसली की मुलांना "अभ्यास कर" म्हणून ओरडावं लागत नाही.

अडचणी खऱ्या आहेत. दिवसभर उभं राहून काम केलेल्या माणसाचे डोळे रात्री मिटतात. बायकांना स्वयंपाकातून सवड नाही. गणित आणि इंग्रजीची भीती वाटते, फीचाही प्रश्न असतो. आणि सर्टिफिकेट मिळालं म्हणून लगेच पगार वाढेल, असं कुणी सांगू नये. पण यातलं बरंचसं ओझं मंडळीला वाटून घेता येईल. चर्चचा हॉल आठवड्यात बहुतेक दिवस कुलूपबंदच असतो. दोन संध्याकाळी तो उघडावा. निवृत्त शिक्षक आपल्यात आहेत, त्यांनी तासभर द्यावा. कॉलेजातल्या मुलांनी ऑनलाइन फॉर्म भरून द्यावेत. महिला मंडळाने त्या वेळात लहान मुलं सांभाळावीत. ज्याला गरज त्याची फी मदतनिधीतून जावी, आणि त्याचं नाव वेदीवरून पुकारू नये. शेजारच्या हिंदू-मुसलमान घरांतलं कुणी आलं तर त्यांनाही बसू द्यावं.

अफझलगंजात मुसीच्या काठी सरकारी मध्यवर्ती ग्रंथालय आहे, जुनं आसफिया. 1891 साली सुरू झालं, 1936 पासून या इमारतीत आहे. तिथे नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारी पोरं दिवसभर बसलेली असतात. त्यांच्या शेजारी पिकल्या केसांचं कुणी दहावीचं पुस्तक घेऊन बसलं तर ग्रंथालयाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते आपण हसलो तर. पुढच्या निकालाच्या रविवारी मुलांबरोबर असा एखादा काका, एखादी मावशीही पुढे यावी, आणि टाळ्या तेवढ्याच जोरात वाजाव्यात.

आपला,
एक मराठी ख्रिस्ती वाचक,
अफझलगंज, हैदराबाद