नमुना परक्यांचा, भाकीत आपले

९ जानेवारी २०२५ रोजी ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात जमविलेली सुमारे १० हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती संशोधकांना खुली करण्यात आली. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये मंजूर केलेल्या या प्रकल्पात २० संस्था सहभागी होत्या. माहितीचा साठा फरीदाबाद येथील राष्ट्रीय केंद्रात आहे. या वार्तेचे स्वागत बव्हंशी राष्ट्रीय अभिमानाच्या सुरात झाले. त्यात गैर काही नाही. परंतु ही माहिती नसल्यामुळे आपले नेमके काय अडत होते, आणि ती हाती आल्यामुळे कोणती जबाबदारी आपल्यावर येते, या प्रश्नांचा विचार त्याहून अगत्याचा आहे.

आनुवंशिक रोगांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. नंदुरबार-गडचिरोलीसारख्या आदिवासी जिल्ह्यांत आढळणारा सिकलसेल हा पहिल्या प्रकारातला. रक्तातील हिमोग्लोबिन घडविणाऱ्या एकाच जनुकात एका अक्षराचा बदल होतो आणि रोग उद्भवतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा रोग होण्याची शक्यता चारांत एक, हे गणित शाळकरी मुलालाही करता येते. म्हणूनच जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेला ७ कोटी लोकांच्या रक्ततपासणीचे उद्दिष्ट ठेवता आले.

मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब हे मात्र दुसऱ्या प्रकारचे रोग. त्यांच्यामागे एक जनुक नसून शेकडो ठिकाणचे बारीकसारीक फरक असतात. प्रत्येकाचा वाटा नगण्य. शिवाय आहार, श्रम, व्यसने आणि दारिद्र्य यांचा हिस्सा वेगळाच. इथे सूक्ष्मदर्शक पुरा पडत नाही; संगणक आणि संख्याशास्त्र यांनाच शरण जावे लागते.

योगायोगाची चाळणी

पद्धती समजायला अवघड नाही. काही हजार रोगी आणि काही हजार निरोगी माणसे घ्यायची, प्रत्येकाच्या जनुकसंचातील लाखो ठिकाणे तपासायची आणि कोणता फरक रोग्यांमध्ये अधिक वेळा आढळतो ते मोजायचे. २००७ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी सात रोगांसाठी प्रत्येकी सुमारे २ हजार रोगी आणि ३ हजार निरोगी माणसे घेऊन असा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही वाट रुळली.

यातील खरी मेख योगायोगाची आहे. वीसांत एक एवढी चुकीची शक्यता साध्या प्रयोगात चालवून घेतात. परंतु १० लाख ठिकाणे त्याच मापाने तपासली, तर रोगाशी काडीचाही संबंध नसलेली ५० हजार ठिकाणे निव्वळ योगायोगाने दोषी ठरतील. म्हणून या शास्त्राने स्वतःवर कडक शिस्त लादून घेतली : योगायोगाची शक्यता २ कोटींत एकाहून कमी असेल, तरच तो फरक ग्राह्य धरायचा. एवढी कडक चाळणी लावली की हाती काही लागण्यासाठी माणसेही लाखांनी लागतात. ‘यूके बायोबँक’मध्ये ५ लाख माणसे आहेत, ती हौसेखातर नव्हे.

अशा अभ्यासांतून मिळालेल्या बारीक फरकांची बेरीज करून प्रत्येक व्यक्तीला एक ‘जोखीम-गुणांक’ देता येतो. रोग दिसण्यापूर्वी वीस वर्षे सावध करणारा हा गुणांक वैद्यकाचे रूप पालटील, अशी आशा आहे. अडचण पुढेच आहे. ही माणसे कोठली? २०१९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, अशा अभ्यासांत सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के युरोपीय वंशाचे होते. जगाच्या लोकसंख्येत त्यांचा हिस्सा मात्र १६ टक्के. या नमुन्यावर बेतलेल्या गुणांकांची अचूकता दक्षिण आशियाई लोकांच्या बाबतीत सुमारे ३७ टक्क्यांनी, तर आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या बाबतीत सुमारे ७८ टक्क्यांनी कमी भरली.

असे का व्हावे? बहुतेक वेळा अभ्यासात सापडलेला फरक हा स्वतः गुन्हेगार नसतो, गुन्हेगाराचा शेजारी असतो. युरोपीय लोकांत हे दोघे एकत्र राहतात, म्हणून शेजाऱ्यावरून गुन्हेगाराचा माग लागतो. दुसऱ्या समाजात पिढ्यान्‌पिढ्यांच्या इतिहासाने त्यांची ताटातूट झालेली असेल, तर शेजारी सापडूनही उपयोग होत नाही. शास्त्र खोटे नसते. नमुना परका असतो.

आपला समाज, आपली जनुके

भारताच्या बाबतीत ही अडचण अधिक गुंतागुंतीची आहे. पिढ्यान्‌पिढ्या पोटजातीतच विवाह करण्याच्या रूढीमुळे आपल्या समाजगटांत काही दुर्मीळ बदल साठून राहिले. दक्षिण आशियातील २६३ गटांचा जो अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ८१ गटांमध्ये असे साठणे फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही तीव्र आढळले. दक्षिणेतील वैश्य समाजात शस्त्रक्रियेच्या वेळी दिल्या जाणाऱ्या विशिष्ट स्नायुशिथिलक औषधाचा परिणाम धोकादायकरीत्या लांबविणारा बदल इतरांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात आढळतो. भूल देणाऱ्या डॉक्टराला हे आधी ठाऊक असले तर प्राण वाचतो. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकातील २५ अक्षरे गळालेला प्रकार दक्षिण आशियातील सुमारे ४ टक्के लोकांत असल्याचे २००९ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने निष्पन्न झाले. केवळ युरोपीय नमुन्यांवर विसंबणाऱ्याच्या तो नजरेसही पडला नसता. तथापि ज्यांच्या अंगी हा बदल आहे त्या प्रत्येकाला हृदयविकार होतो, असे नाही. आणि नेमके हेच समाजाला समजावून सांगणे कठीण जाते.

यास्तव जीनोम इंडियाचे महत्त्व वादातीत आहे. पण तो पाया आहे, इमारत नव्हे. ८३ समाजगटांत १० हजार माणसे वाटली तर एका गटाच्या वाट्याला सरासरी सव्वाशेही येत नाहीत. शिवाय नुसत्या जनुकसंचावरून जोखीम कळत नाही. त्या माणसाला पुढे कोणता रोग झाला, कोणत्या वयात झाला, याची वर्षानुवर्षांची नोंद जोडलेली हवी. ज्या देशात सरकारी रुग्णालयातील केसपेपर बहुधा रुग्णाच्याच पिशवीत राहतो, तेथे प्रयोगशाळेइतकीच दफ्तराची सुधारणा निकडीची आहे.

गुणांकाची नवी पत्रिका

दुसरे संकट अर्थ लावण्याचे. शंभरांत दोघांना होणारा रोग विशिष्ट गटात तिघांना होत असेल, तर जाहिरातदार ‘धोका ५० टक्क्यांनी अधिक’ असे छापतो. विधान खोटे नाही. पण त्या गटातील शंभरांपैकी ९७ जणांना तो रोग होणारच नाही, ही बाजू त्यात दडून राहते. गुणांक ही शक्यता आहे, विधिलिखित नव्हे. हा विवेक सुटला तर वधूवरांच्या पत्रिका जुळविणाऱ्या समाजात जनुकांची आणखी एक पत्रिका फिरू लागेल. आणि ‘अमुक जातीत अमुक रोग’ असा शिक्का बसला, तर सर्वांत आधी भोगावे लागेल ते मुलींना.

तिसरे संकट मालकीचे. ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ या अमेरिकन कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा सुमारे दीड कोटी ग्राहकांची जनुकीय माहिती ही विक्रीस निघालेली मालमत्ता ठरली. अमेरिकेत निदान आरोग्यविमा आणि नोकरी यांत जनुकीय भेदभावाला मनाई करणारा २००८ चा कायदा आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. जनुकीय विकारांना विम्यातून सरसकट वगळणे भेदभावाचे आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. परंतु न्यायालयाचे निकाल ही कायद्याची जागा नव्हे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही जनुकीय माहितीला वेगळे, अधिक कडक संरक्षण दिलेले नाही. बोटाचा ठसा फक्त ज्याचा त्याचा असतो. जनुकसंच मात्र भावाबहिणींविषयी आणि न जन्मलेल्या मुलांविषयीही बोलतो. एकाच्या संमतीने अनेकांची गुपिते उघडी पडतात.

तेव्हा तीन गोष्टी आताच व्हायला हव्यात. विमा आणि नोकरी यांत जनुकांवरून भेदभाव करणे हा गुन्हा ठरविणारा कायदा संसदेने करावा. ज्या समाजगटांनी रक्त दिले, त्यांना निष्कर्ष त्यांच्या भाषेत, समुपदेशकांच्या मदतीने सांगण्याची तरतूद प्रकल्पाच्या खर्चातच असावी. आणि शक्यता कशी वाचावी, हे शालेय गणिताने फाशांच्या उदाहरणांपाशी न थांबता रोगांच्या उदाहरणांतूनही शिकवावे. पहिल्या दोन गोष्टी सरकारच्या हातच्या आहेत. तिसरीसाठी अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कोणत्याही शिक्षकाला ती उद्याच्या तासालाही सुरू करता येईल.