लागण डिसेंबरात, फर्मान मार्चात



दिल्लीच्या बाबूंचे एक लाडके पालुपद आहे. कांद्याला भाव आला की शेतकरी मेंढरासारखे एकदम कांद्यावर तुटून पडतात, मग भाव कोसळतो. म्हणून वरून कुणीतरी लगाम धरलाच पाहिजे!

यातले अर्धे आम्ही नाकारत नाही. आपण रोप टाकतो तेव्हा शेजारच्या तालुक्यात किती रोप पडले हे आपल्याला ठाऊक नसते. त्यालाही आपले ठाऊक नसते. नाशिकपासून सोलापूरपर्यंत घरोघरी एकाच सुमारास निर्णय होतो, तोही गेल्या हंगामाचा भाव बघून. लागण झाली की निर्णय मागे घेता येत नाही. सगळ्यांची बेरीज कळते ती चार महिन्यांनी, लिलावात. हा मूर्खपणा नव्हे, ही माहितीची उपासमार आहे.

देशभर विखुरलेली माहिती एका कचेरीत गोळा होत नाही, ती भावातून पोचते, हे फ्रेडरिक हायेक यांनी १९४५ सालीच मांडले. भाव हा निरोप्या आहे. भाव पाडणे म्हणजे नुसती लूट नव्हे, निरोप्याचा गळा दाबणे आहे.

आणि लगाम धरणाऱ्यांनी काय केले? ७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने कांद्याची निर्यात बंद केली. मुदत लिहिली ३१ मार्च २०२४. ते दिवस उन्हाळ कांद्याच्या लागणीचे. शेतकऱ्याने सरळ हिशेब केला : माझा कांदा एप्रिलात निघेल, तोवर बंदी संपलेली असेल. सरकारच्या लेखी शब्दावर त्याने लागण केली. २२ मार्चला दुसरे फर्मान निघाले : बंदी पुढील आदेशापर्यंत चालू! कांदा तेव्हा जमिनीत पोसून तयार. ४ मे रोजी बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क लादून. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्य गेले, शुल्क २० टक्क्यांवर आले. १ एप्रिल २०२५ ला शुल्कही गेले. सोळा महिन्यांत पाच फर्माने!

पत्त्यांच्या डावात सगळ्यांची पाने पडल्यावर हुकूम बदलणाऱ्या भिडूला गावात काय म्हणतात, ते आम्ही सांगायला नको.

उद्याच्या भावाचा अंदाज देणारे दुसरे साधन वायदेबाजार. २० डिसेंबर २०२१ रोजी सेबीने सोयाबीन, हरभरा, मोहरी, मूग, गहू, बिगर-बासमती भात आणि कच्चे पामतेल यांचे वायदे वर्षासाठी बंद केले आणि मग मुदतवाढीवर मुदतवाढ दिली. आधी डोळ्यांवर पट्टी बांधायची, वर ठेचकाळला म्हणून हिणवायचे!

आमची मागणी भिकेची नाही. निर्यातीचे धोरण रोप टाकण्याआधी जाहीर करा आणि त्या हंगामाचा कांदा चाळीतून संपेपर्यंत त्याला हात लावू नका. लागणीचे आकडे लागण चालू असतानाच प्रसिद्ध करा. वायद्यांवर बंदी घालण्याचा खेळ कायमचा थांबवा.

पण सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. गावोगावच्या शाखांनी यंदा रोप टाकल्यापासून दर आठवड्याला गावात किती किलो बी पडले, किती एकर लागण झाली, हे फळ्यावर लिहावे आणि जिल्हा बैठकीत वाचून दाखवावे. एकदाच आकडा सांगितला तर सगळे एकदम कांदा सोडतील, तीही फजितीच. दर आठवड्याला कळला, तर उशिरा लागण करणारा आपला बेत आधीच्यांकडे बघून बदलू शकेल. कुणी काय लावावे याचा हुकूम संघटना देणार नाही. निर्णय ज्याचा त्याचा, आकडा सगळ्यांचा.

पुढच्या बैठकीला येताना रिकाम्या हाताने येऊ नका. गावाचा आकडा घेऊन या.