केंटकीने पक्ष सोडला नाही, माणूस ठेवला

2020 च्या अध्यक्षीय निवडणुकीत रिपब्लिकन ट्रम्प यांनी केंटकी जवळपास 26 टक्क्यांच्या फरकाने जिंकलं. त्याच राज्याने नोव्हेंबर 2023 मध्ये अँडी बेशियर या डेमोक्रॅट गव्हर्नरला दुसऱ्यांदा निवडून दिलं, तेही पाच टक्क्यांच्या आघाडीने. 2019 मध्ये हेच बेशियर जेमतेम पाच हजार मतांनी तरले होते.

अमेरिकेतल्या गव्हर्नरला लोक थेट निवडतात आणि राज्यकारभार त्याच्याच हाती असतो. केंटकीत मात्र हे हात बरेचसे बांधलेले. विधिमंडळात रिपब्लिकनांचं भक्कम बहुमत, आणि गव्हर्नरचा नकाराधिकार तिथे साध्या बहुमतानेही मोडता येतो. बेशियर यांचे नकार एकामागून एक मोडले गेले. मग मतं मागायची कशाच्या जोरावर?

संकटात धावून जाण्याच्या. डिसेंबर 2021 च्या टॉर्नेडोने मेफिल्ड शहर भुईसपाट केलं, बेशियर यांच्या वडिलांचं गाव डॉसन स्प्रिंग्जही सुटलं नाही. पुढच्याच जुलैत पूर्वेकडच्या डोंगराळ, कोळसा-खाणींच्या भागात पुराने चाळीसहून अधिक बळी घेतले. बेशियर कॅमेरे निघून गेल्यावरही तिथे जात राहिले, पुराचं पाणी पोहोचणार नाही अशा उंचावर नव्या वस्त्या उभारायला लागले. पेरी आणि लेचर या पूरग्रस्त काउंट्यांनी 2019 मध्ये त्यांना नाकारलं होतं. या वेळी त्या त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. मला या निवडणुकीतलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

प्रतिस्पर्धी डॅनिएल कॅमेरॉन राज्याचे ॲटर्नी जनरल होते, ट्रम्प यांचा त्यांना पाठिंबा होता. ते तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्याविरुद्ध लढत राहिले. बेशियर रस्ते, पूल, कारखाने, शिक्षकांचे पगार यांवर बोलत राहिले. गर्भपाताचा प्रश्न मात्र त्यांनी टाळला नाही. राज्याच्या बंदीत बलात्कारपीडितेलाही सूट नव्हती. लहानपणी सावत्र वडिलांच्या अत्याचाराला बळी पडलेल्या एका तरुणीने त्यांच्या जाहिरातीत कॅमेरॉन यांना थेट जाब विचारला. तिच्या धैर्यापुढे प्रचाराचे बाकीचे मुद्दे फिके पडले.

डेमोक्रॅट नेते या विजयाकडे आता नमुना म्हणून बघतात. तो तसा नाही. त्याच दिवशी राज्यातली स्वतंत्रपणे निवडली जाणारी इतर सगळी घटनात्मक पदं रिपब्लिकनांनी जिंकली. सलग दोनच कार्यकाळांची मर्यादा असल्याने 2027 मध्ये बेशियर उभे राहू शकणार नाहीत. डेमोक्रॅट पक्षाला लेचर टिकवायचं असेल तर तिथे आत्तापासून, निवडणूक नसताना, माणसं पाठवावी लागतील.