धंदा आहे, बसायला जागा नाही!

आमच्या ओळखीचा एक तरुण वायरिंगची कंत्राटे घेतो. आयटीआय झालेला, हाताखाली सहा कारागीर, लायसन्स खिशात. एका हाऊसिंग सोसायटीच्या सेक्रेटरींना त्याचे कोटेशन पसंत पडले. 'उद्या तुमच्या ऑफिसात येतो, बसून बोलू,' असे ते म्हणाले आणि याच्या पोटात गोळा आला. ऑफिस कुठले? दहा बाय बाराची खोली, तीत आजारी आई आणि बारावीला बसलेली बहीण. शेवटी त्याने त्यांना स्टेशनबाहेरच्या हॉटेलात बोलावले. चहा झाला, नकाशा पसरला, तोच वेटर डोक्यावर येऊन उभा राहिला. जेवणाची वेळ झाली, टेबल रिकामे करा! उरलेली बोलणी फूटपाथवर मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवून झाली. काम दुसऱ्याला गेले.

हे एकट्याचे दुखणे नाही. कॅटरिंग करणाऱ्या आमच्या भगिनी, छपाईची कामे घेणारे, मनुष्यबळ पुरवणारे, संगणक दुरुस्त करणारे असे शेकडो लोक आज वस्त्यावस्त्यांतून धंदा करीत आहेत. सरकारला त्यांचे ऑफिस लागत नाही. जीएसटीच्या नोंदणीला राहत्या घराचा पत्ता चालतो. वीजबिल जोडा, जागा दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचे संमतीपत्र जोडा. उद्यम नोंदणी २०२० पासून विनामूल्य, घरबसल्या होते. ऑफिस लागते ते समोरच्या पार्टीला. तिला खुर्ची हवी, पंखा हवा, दारावर पाटी हवी. आणि पाटी नसली की ती पत्ता विचारते. वस्तीचे नाव ऐकले की पुढचा प्रश्न आडनावाचा असतो, हे काय आम्ही तुम्हाला सांगायला हवे?

हा अनुभव नवा नाही. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस परतल्यानंतर बाबासाहेबांनी शेअर-व्यवहारांबाबत सल्ला देणारी पेढी काढली होती. परदेशात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाचा तो सल्ला! सुरुवातीला लोक आले. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच यायचे थांबले. जयंतीच्या भाषणांत आपण बडोद्याची हकीकत सांगतो. ही पेढी मात्र आपल्या बोलण्यात फारशी येत नाही.

आता कामाचे बोलू. ऑफिस नसताना भेट कुठे घ्यावी? पहिला उपाय बिनखर्चाचा: 'तुम्ही कशाला तसदी घेता, मीच नमुने घेऊन येतो,' असे म्हणावे आणि पार्टीच्या जागी जावे. यात कमीपणा काहीच नाही, उलट तिचा कारभार डोळ्यांनी पाहायला मिळतो. हॉटेलातच बसायचे तर दुपारी तीन ते पाच ही वेळ धरावी. गल्ल्यावरच्या माणसाला आधी सांगून ठेवावे आणि बिल आपण भरावे. पूर्वी मुंबईत इराण्याकडे एका चहावर तासभर बसता येई. ते इराणी आता बोटांवर मोजण्याइतके उरले. मॉलमधल्या कॉफीच्या दुकानात दोन कपांना चारपाचशे रुपये सहज जातात. महिन्यात चार भेटी झाल्या तर एका कारागिराची दोन दिवसांची मजुरी त्यात गेली. मोठ्या शहरांत तासावर भाड्याने मिळणाऱ्या बैठकीच्या खोल्या निघाल्या आहेत. सही करायच्या दिवशी तो खर्च जरूर करावा, रोज मात्र परवडणारा नाही. आणि बचत गटाच्या बायांनी हॉटेलात घाऊक व्यापाऱ्याशी भाव ठरवत बसावे, हे सांगणे सोपे, चारी बाजूंच्या नजरा झेलत करणे अवघड.

आपल्या वकिलांना आमची एक विनंती आहे. आपण दिवसभर कोर्टात असता, तेव्हा आपले ऑफिस बंद असते. आठवड्यातून दोन दुपारी ते एखाद्या होतकरू मुलाला वापरू दिले तर काय बिघडेल? फायलींच्या कपाटाला कुलूप लावा म्हणजे झाले. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. ती इमारत काही आपली नव्हती.

पण खरी जागा आपल्या डोळ्यांसमोर आहे. वस्तीवस्तीत समाजमंदिरे आहेत, विहारांच्या तळमजल्यावर सभागृहे आहेत. ती लोकांच्या वर्गणीतून, कुठे आमदार-खासदार निधीतून उभी राहिली. सोमवार ते शनिवार तिथे काय असते? कुलूप! आत डेकोरेटरच्या खुर्च्यांची थप्पी, कॅरमचा बोर्ड आणि मागच्या निवडणुकीचे फ्लेक्स. बाहेर आपलाच मुलगा मोटारसायकलवर कागद पसरून उभा!

काही ज्येष्ठ म्हणतील, विहार हे वंदनेचे ठिकाण, तिथे धंद्याची बोलणी कशाला? त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. वंदनेच्या दालनात कोणी कोटेशन पसरावे असे आमचे म्हणणे नाहीच. खालचे सभागृह आम्ही मागतो आहोत. बाकी जेतवन दान देणारा अनाथपिंडक व्यापारीच होता. आणि सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करून त्यांतले दोन धंद्यात घालायला सांगितले आहे. धम्माला उद्योगाचे वावडे नाही.

दुसरी अडचण खरी आहे. वास्तू पालिकेची असेल तर लेखी परवानगी लागेल, आणि तिचा कायमचा गाळा होऊ देता कामा नये. म्हणून नियम कडक हवेत. एका वेळी एक तास, वहीत नाव, मालाचा साठा नाही, पत्त्यासाठी वापर नाही आणि राजकीय बैठकीला हे टेबल नाही. हा शेवटचा नियम मोडणारे पहिले कोण असतील, ते वाचक जाणतातच.

२००५ साली पुण्यात दलित उद्योजकांची चेंबर स्थापन झाली. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांसाठी ४ टक्के खरेदी राखून ठेवली गेली. हे मोलाचेच आहे. पण सहा कारागिरांच्या मुलाला तिथपर्यंत पोहोचायला आधी शेजारच्या सोसायटीचे काम मिळायला हवे, आणि ते एका टेबलापाशी अडले आहे.

आमच्या वस्तीतील समितीपुढे आम्ही ही मागणी ठेवली. खजिनदारांनी विचारले, लाइटचे बिल कोण भरणार? तासाला वीस रुपये देखभालीची वर्गणी घ्या, असे आम्ही सुचवले. वही ठेवायला बचत गटाच्या दोघी तयार आहेत. निर्णय येत्या पौर्णिमेच्या बैठकीत व्हायचा आहे. तोवर सभागृहाची दुसरी किल्ली कोणाकडे आहे, याचा शोध चालू आहे.