रकाना कोण ठरवते?



सल्ला केंद्रात आलेल्या बाईला आधी काय विचारायचे, यावर आपण कितीतरी बैठका घेतल्या आहेत. ‘पतीचे नाव’ हा रकाना कागदी फॉर्मवर रिकामा सोडता येतो. संगणकावर मात्र अनेकदा तो भरल्याशिवाय पुढचे पानच उघडत नाही. हा हट्ट यंत्राचा नव्हे. तो नियम कुणीतरी लिहिलेला असतो आणि परित्यक्ता, अविवाहिता त्याच्या डोळ्यांपुढे नसतात.

रकाने बदलता येतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत आईचे नाव लावणे महाराष्ट्रात बंधनकारक झाले. पण निर्णय झाला तरी तो शेवटी प्रोग्राममध्ये उतरावा लागतो. म्हणून मला वाटते, प्रत्येक गटातील निदान एकीने प्रोग्राम लिहायला शिकावे. ‘हे बायकांचे क्षेत्र नाही’ म्हणणाऱ्यांना सांगावे, की १९४६ साली जगापुढे आलेल्या एनियाक संगणकाच्या पहिल्या प्रोग्रामर सहा स्त्रिया होत्या.

सुरुवात पायथनने करावी. १९९१ साली आलेली ही भाषा मोफत मिळते. तिचे राखीव शब्द इंग्रजी आहेत आणि तेही जेमतेम ३५. आपल्या रकान्यांना मात्र ‘नाव’, ‘गाव’, ‘पुढची_तारीख’ अशी देवनागरी नावे देता येतात. आधी चार रकाने विचारून फाइलमध्ये साठवणारा छोटा प्रोग्राम लिहावा. मग टीकेइंटर वापरून त्याला खिडकी आणि बटणे द्यावीत, नोंदी एसक्यूलाइटमध्ये ठेवाव्यात. ही दोन्ही साधने सहसा पायथनबरोबरच येतात. असा प्रोग्राम केंद्रातल्या एकाच संगणकावर, इंटरनेटशिवाय चालतो.

वेबकडे त्यानंतर वळावे. त्यासाठी एचटीएमएल आणि फ्लास्क शिकावे लागेल. तीन गावांतल्या केंद्रांना एकच नोंदवही हवी असेल, तर वेब उपयोगी खरे. पण बाईने विश्वासाने सांगितलेली हकीकत तिच्या नवऱ्याच्या किंवा सासरच्या हाती पडली, तर तिच्या जिवावर बेतू शकते. कुलूप कसे लावायचे हे पक्के कळेपर्यंत खऱ्या नोंदी वेबवर ठेवू नयेत.

आपली माहिती कोण साठवतो आणि कोण वाचतो, हा सत्तेचा प्रश्न आहे. पुढच्या बैठकीत तुमच्या नोंदवहीचे रकाने फळ्यावर मांडा. कोणता सक्तीचा, कोणता ऐच्छिक, हे सगळ्यांनी मिळून ठरवा. प्रोग्रामची पहिली पायरी तीच आहे आणि तिला संगणकही लागत नाही.